व्हेल शार्कसोबत पोहायचंय, पण टूर कशी निवडायची? अनुभवी लोकांनी कृपया सांगा

निळाई

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ येत्या फेब्रुवारीत फिलिपिन्सला चाललोय आणि दोघांनाही एकच ध्यास आहे, व्हेल शार्कला पाण्यात उतरून बघायचं. आठवडाभर नेट पालथं घातलं तर सगळ्यात जास्त जाहिराती दिसल्या त्या सेबू बेटावरच्या ओस्लोबच्या. तिथे म्हणे रोज सकाळी दिसतोच, शंभर टक्के खात्री, अर्ध्या तासात पोहून फोटो काढून बाहेर. आधी आनंद झाला आणि मग मनात पाल चुकचुकली, की खुल्या समुद्रातला एवढा प्रचंड मासा रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येतो कसा? शोधलं तर कळलं की तिथे त्यांना खायला घालतात. मग फिलिपिन्समधल्याच डोन्सोल गावाचं नाव सापडलं, तिथे खायला घालत नाहीत, पण दिसेलच असंही नाही.

भाऊ म्हणतो एवढं लांब जाऊन न बघताच परत यायचं का, आणि त्याचंही चूक नाही. पण माशाला छळून मला काहीही बघायचं नाहीये. अडचण ही आहे की छळ नेमका कशाने होतो आणि कशाने होत नाही हेच कळेना. प्रत्येक कंपनीच्या पानावर इको फ्रेंडली, सस्टेनेबल, रिस्पॉन्सिबल हे तीन शब्द आहेतच. कुणी जाऊन आलंय का? बुकिंगच्या आधी काय विचारायचं?

खारावारा

वाचनखूण साठवली. मलाही हेच विचारायचं होतं.

तळकाठ

मी डायव्हिंग करतो, व्हेल शार्क तीन वेगवेगळ्या देशांत पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची पाल बरोबर चुकचुकली आहे. माझ्या लेखी 'दिसेलच' हा शब्द जाहिरातीत आला की तिथेच थांबायचं, कारण हा मासा हजारो किलोमीटर फिरणारा आहे, आज इथे तर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच देशाच्या पाण्यात. तो कुठे येतो तर जिथे खाणं असतं तिथे. कुठे माशांची अंडी, कुठे खेकड्यांची पिल्लं, कुठे प्लँक्टनचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचा दाट थर. बेलीझमध्ये ग्लॅडन स्पिटला पौर्णिमेच्या आसपास स्नॅपर मासे अंडी सोडतात तेव्हा येतात, मेक्सिकोत इस्ला मुहेरेसच्या बाहेर ट्यूनाच्या जातीतल्या एका माशाची अंडी पाण्यावर तरंगतात तेव्हा उन्हाळ्यात शेकड्यांनी गोळा होतात. म्हणजे त्याचं येणं निसर्गाच्या हातात आहे. त्यावर खात्री द्यायची तर एकच उपाय उरतो, खाणं आपणच टाकायचं.

ओस्लोबला तेच होतं, २०११ च्या सुमारास सुरू झालं. छोट्या होडीतून माणूस जवळ्यासारखी बारीक कोळंबी मूठमूठ पाण्यात सोडत राहतो आणि मासा तोंड वर करून पाण्यात जवळजवळ उभा तरंगत ती ओढून घेतो. फोटोत फार सुंदर दिसतं ते. पण एरवी ज्याने मैलोन्मैल पोहत, खोल बुड्या मारत खाल्लं असतं तो अख्खी सकाळ होडीच्या कडेला घालवतो. काही मासे तर महिनोन्महिने तिथून हलत नाहीत. होडीला तोंड घासून घासून ओठांवर जखमा होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे होडी म्हणजे खाणं हे त्याच्या डोक्यात बसतं. तिथल्या होड्या वल्ह्याच्या आहेत मान्य, पण तोच मासा उद्या चार बेटं पलीकडे गेला आणि इंजिनच्या बोटीकडे तसाच भरवशाने गेला की प्रोपेलर त्याच्या पाठीवर बसतो.

२०१६ पासून हा मासा आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे. वयात यायलाच पंचवीस तीस वर्षं लागतात. एक मोठा मासा गेला तर त्याची जागा भरून निघायला किती काळ लागेल बघा.

पाऊलवाट

मी ओस्लोबला जाऊन आलोय आणि मला इथे दुसरी बाजू मांडायची आहे. तळकाठ यांनी लिहिलेलं मासा उभा राहण्याचं वगैरे सगळं खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथे होडी वल्हवणारी माणसं पूर्वी जाळी टाकून कसंबसं पोट भरणारी होती, आज त्यांची मुलं शाळेत जातात ती या माशामुळे. आमच्या होडीवाल्याने एकेका माशाचं नाव सांगितलं, कुठला खोडकर, कुठला नवीन आलाय ते सांगितलं. त्या माणसाला मासा मेलेला नको आहे, जिवंतच हवा आहे. हे पण धरायला हवं ना हिशोबात?

तळकाठ

धरायलाच हवं, आणि तुम्ही मांडलंत ते बरं केलंत. त्या माणसांवर माझा राग नाही. माझं म्हणणं इतकंच की त्याच देशात डोन्सोलला १९९८ पासून खायला न घालता हेच घडवलंय. त्याच वर्षी फिलिपिन्सने व्हेल शार्क मारण्यावर बंदी आणली आणि गावातल्याच लोकांना शिकवून बुटांडिंग इंटरॅक्शन ऑफिसर केलं. बुटांडिंग म्हणजे तिथल्या भाषेत व्हेल शार्क. पोट तिथेही भरतंय. फरक असा की मासे कमी आले त्या वर्षी तिथे उत्पन्नही कमी होतं, आणि हा तोटा गावाला सोसावा लागतो. आपण पर्यटकांनी 'नाही दिसला तरी पैसे वाया गेले नाहीत' असं मानलं तरच ते गाव तग धरेल.

पाऊलवाट

हम्म. हा मुद्दा पटला. न दिसण्याचे पैसे द्यायची आपली तयारी नसते म्हणून खायला घालणं सुरू होतं, असा विचार मी केला नव्हता.

कुतूहल_कधीचं

बेसिक प्रश्न विचारतो, हसू नका. हा देवमासा का? आणि शार्क आहे तर चावत नाही का?

मासोळी

यात हसण्यासारखं काय, नावच घोटाळ्याचं आहे. देवमासा म्हणजे व्हेल, तो सस्तन प्राणी. हा मासाच आहे, कल्ल्यांनी श्वास घेणारा, जगातला सगळ्यात मोठा मासा, अठरा मीटरपर्यंतची नोंद आहे पण टूरवर दिसतात ते बहुतेक पाच ते नऊ मीटरचे. दात बारीक दाण्यांसारखे, खातो पाणी गाळून. चावण्याची भीती अजिबात नको. शेपटीची मात्र बाळगा, ती मुद्दाम मारत नाही पण वाटेत आलात तर लागते.

गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी याची शिकार व्हायची, यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात नाव आलं आणि २००४ मध्ये कथाकार मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली' म्हटलं, म्हणजे माहेरी बाळंतपणाला आलेली लाडकी लेक. तेव्हापासून तिथले कोळी जाळ्यात अडकलेला मासा सोडवायला आपलं महागडं जाळं स्वतःच्या हाताने कापतात. हे आठवलं की मला वाटतं आपण तर नुसते बघायला जाणारे, आपल्याला काय एवढं सोडावं लागतंय?

अबोली_रंग

खूप दिवस हे लिहायचं टाळत होते, आज लिहितेच.

मालदीवला दक्षिण आरी अटॉल या प्रवाळबेटांच्या कड्याला गेले होते. तिथे बारा महिने दिसतात, बहुतेक लहान नर, आणि तो भाग २००९ पासून संरक्षित आहे. खायला घालत नाहीत. म्हणून मी निर्धास्त होते. कंपनीचं नाव घेत नाही. बोटीवर सूचना झाल्या दोन मिनिटं, त्यातली दीड मिनिटं कॅमेरा भाड्याने मिळतो यावर गेली. मग मासा दिसल्याचा गलका झाला आणि आमची बोट सुसाट निघाली. पोचलो तर आधीच सहा सात बोटी गोल करून उभ्या, त्यांची इंजिनं चालू, आणि गाइड ओरडला 'जंप जंप जंप'. आम्ही सगळेच उड्या मारल्या, मी धरून. पाण्यात बुडबुडे, फिन्स, सेल्फी स्टिक, कुणाची लाथ माझ्या मास्कवर बसली. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो, साधारण दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल एवढाच, पिल्लूच म्हणायचं. त्याच्या पाठीवरच्या पराचा वरचा तुकडाच नव्हता, सरळ रेषेत कापलेला. एक माणूस थेट त्याच्या तोंडासमोर उतरला. तो वळला, तिकडेही माणसं. मग त्याने पाठ आमच्याकडे केली, म्हणजे अंग कलतं करून पाठीची जाड बाजू समोर आणली, आणि खाली गेला. खाली निळा अंधार आणि पांढरे ठिपके विझत गेले.

बोटीवर सगळे खूश होते, मला रडायला येत होतं. मी त्या गर्दीतली एक होते.

तळकाठ

अबोली, लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. ते पाठ वळवणं म्हणजे 'माझ्यापासून लांब राहा' हेच. अचानक दिशा बदलणं, डोळा आत ओढून घेणं, बुडी मारणं, ही सगळी वैतागल्याची लक्षणं. त्याला पापण्या नसतात, म्हणून फ्लॅश मारायचा नाही. चांगला गाइड ही लक्षणं ओळखतो आणि आपल्या लोकांना मागे घेतो. खायला न घालणं ही झाली पहिली पायरी, पाण्यात किती माणसं आणि वर किती बोटी हा प्रश्न तेवढाच मोठा आहे.

दूरदेशी

पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालू रीफला जाऊन आले, तिथलं सांगते म्हणजे तुलना करता येईल. मार्च ते जुलै सीझन. परवाना असलेल्याच बोटी. वर छोटं विमान फिरतं, ते मासा शोधून बोटीला कळवतं, त्यामुळे बोटी इकडून तिकडे धावत नाहीत. माशाभोवती अडीचशे मीटरच्या टप्प्यात एका वेळी एकच बोट, तीही तीस मीटरच्या आत जात नाही, पाण्यात एका वेळी दहाच जण, अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब. हात लावायचा नाही, पाठीवर बसायचा तर विचारच नाही, समोरून वाट अडवायची नाही.

हे सगळं कागदावर कुठेही लिहिता येतं हो, पण तिथे मी प्रत्यक्ष पाहिलं. आमच्या बोटीवर वीस जण होते, म्हणून दोन गट केले, एक गट पाण्यात असताना दुसरा मागच्या फळीवर मास्क लावून गप्प बसलेला. एका मुलाने जवळ जाऊन बुडी मारली तर गाइडने त्याला लगेच बोटीवर पाठवलं, पैसे भरलेला पाहुणा आहे म्हणून गय केली नाही. तेव्हा मला कळलं की चांगली टूर कशी असते.

आणखी एक. तिथल्या बऱ्याच कंपन्या मासा दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी फुकट नेतात. ही खात्री वेगळी आणि 'दिसेलच' ही खात्री वेगळी. पहिलीत जोखीम कंपनीने घेतली, दुसरीत माशावर ढकलली.

निळाई, तुम्ही मेल करून विचारा. एका माशामागे किती जण उतरवता, दुसरी बोट आधी तिथे असेल तर तुमची बोट काय करते, गाइड पाण्यात उतरतो की वरून हाका मारतो, गेल्या आठवड्यात किती दिवस दिसला नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं. आणि त्यांचे फोटो नीट बघा, हात लावणारा किंवा पर धरून लटकलेला एक जरी फोटो त्यांच्या स्वतःच्या पानावर असेल तर विषय संपला.

सूर्यफूल२

मेक्सिकोचं थोडं. तिथे एका वेळी दोघं आणि गाइड एवढेच पाण्यात, लाईफ जॅकेट किंवा वेटसूट सक्तीचा. त्यामुळे बोटीत दहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाण्यातली मोजकीच मिनिटं येतात, आधी हिशोब करून जा म्हणजे चिडचिड होणार नाही. सनस्क्रीन लावू देत नाहीत, पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड घाला. हे खरं तर सगळीकडेच करावं, आपण ज्या पाण्यात क्रीम धुतो तेच पाणी तो तासन् तास गाळून पितोय.

खारावारा

इंडोनेशियात चेंद्रवासीह बे म्हणून आहे तिथे कोळ्यांच्या तरंगत्या मचाणांखाली येतात म्हणे, जाळ्यातले बारीक मासे ओढून खातात. ते कशात मोडतं?

तळकाठ

मधलं आहे ते, मीही ठामपणे सांगू शकत नाही. मचाणं पर्यटकांसाठी नाहीत, मासेमारीची आहेत, मासा आपणहून येतो. पण पर्यटक आले की त्याला थांबवून ठेवायला बादलीभर मासे टाकले जातात तेव्हा ते ओस्लोबच्या दिशेने सरकतं. मी गेलो तर टाकू नका असं आधीच सांगेन.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार, अबोली तुमचे जास्त. तीन ठिकाणी मेल टाकली होती, उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं, काळजी करू नका, शंभर टक्के. दुसऱ्याने प्रश्नांना उत्तरच दिलं नाही, एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई माशाच्या पाठीवर हात फिरवतेय. तिसरा डोन्सोलचा. त्याने लिहिलं, मागचे दोन दिवस काहीच दिसलं नाही, तीन दिवस हाताशी ठेवून या, एका माशामागे एकच बोट आणि सहाच जण, जास्तीत जास्त दहा मिनिटं, स्कूबा म्हणजे हवेची टाकी घेऊन बुडी चालत नाही, फक्त स्नॉर्कल, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर पोहणं. भावाला तिन्ही मेल वाचायला दिल्या. तो काही बोलला नाही, तिसऱ्याच्या तारखा बघायला लागला.

मासोळी

वा! जाताना एक लक्षात ठेवा, जमलं तर डाव्या कुशीचा फोटो काढा, शेवटच्या कल्ल्याच्या मागचा भाग. तिथली ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. ती जुळवायला जी पद्धत वापरतात ती मुळात आकाशातले तारे जुळवण्यासाठी केलेली होती, २००५ साली ती व्हेल शार्कसाठी बदलून घेतली. शार्कबुक नावाच्या साइटवर कुणीही फोटो देऊ शकतं. फ्लॅश बंद, आणि फोटोसाठी जवळ जायचं नाही, मिळाला तर मिळाला.

निळाई

परत आलो काल. लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिल्या दिवशी केंद्रावर नावं नोंदवली, व्हिडिओ दाखवला, मग बाजूला बांबूचे लांब हात असलेली होडी. पुढे उंचावर बसलेला माणूस पाण्यावर काळी सावली शोधत होता. तीन तास. काही नाही. दुसऱ्या दिवशी सावली दिसली, पण तिथे दुसरी होडी आधी पोचली होती. आमच्या ऑफिसरने इंजिन बंद करायला लावलं आणि आम्ही लांब थांबलो. भाऊ घड्याळ बघत होता, मीही. आमची पाळी आली तोवर मासा गेला होता. ऑफिसर म्हणाला, सॉरी. मी म्हटलं नाही नाही, बरोबर केलंत. खरं सांगते, ते म्हणताना घशात आवंढा आला होता.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्याने हात वर केला. कडेवर बसलो, फिन्स पाण्यात, आणि तो हळूच म्हणाला 'गो', ओरडला नाही. पाणी हिरवं, गढूळ, मला माझे हातसुद्धा धूसर दिसत होते. प्लँक्टन दाट असलं की असंच असतं आणि म्हणूनच तो येतो, हे माहीत होतं तरी छाती धडधडत होती. ऑफिसरने माझं मनगट धरून खाली बोट दाखवलं. काही नाही, हिरवंच. मग एक पांढरा ठिपका. मग चार. मग ठिपक्यांच्या ओळी, आणि मग कळलं की खाली जो तळ वाटतोय तो तळ नाहीये, तो सरकतोय. डोकं गेलं, कल्ल्यांच्या पाच लांब फटी उघडमिट होत गेल्या, पोटाला चिकटलेले दोन मासे गेले, आणि अंग संपतच नव्हतं. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला एक जुनी भरलेली खाच होती, बोटभर. शेवटी शेपटी, उभी, माझ्याहून उंच, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, इतकी सावकाश की तेवढ्याने एवढं मोठं धूड पुढे जातंय हे पटत नव्हतं. भाऊ जरा पुढे सरकला तर ऑफिसरने त्याच्यासमोर हात आडवा धरला. चार मिनिटं असतील. मग तो तसाच खाली उतरला, घाई नाही, पाठ वळवली नाही.

होडीत बसल्यावर भाऊ बराच वेळ बोलला नाही. त्याच्या कॅमेऱ्यात एकच फोटो बरा आलाय, डावी कूस, हिरवट आणि थोडा हललेला, पण कल्ल्यामागचे ठिपके मोजता येतात. काल रात्री शार्कबुकवर चढवला. अजून जुळणी आलेली नाही, आली की इथेच कळवते.

अबोली_रंग

नक्की कळव गं. वाट बघतेय.